धन्याच्या दुःखानं मेलेलं मांजर

थिनलेसनं लेहहून आणलेली बुखारीची शेगडी इतकी देखणी होती, की तिच्यात जाळ करायचा असतो याचा विचार घरात कुणी केलाच नव्हता. काळ्या बिडाचं अंग, पुढं काचेचं दार, दाराला पितळी मूठ. पिकअपमधून ती उतरवताना थिनलेसनं इतक्या सूचना दिल्या, की नवरी घरात घेतानाही कुणी देत नाही. मग ती नव्या खोलीत मधल्या कोरीव खांबाला खेटून उभी राहिली. खाली लाल लोकरीचा गालिचा. "फोटोत खांबपण यायला हवा," तो म्हणाला. लाकडाचा खांब आणि लोकरीचा गालिचा जाळाच्या शेजाराला बसवणारा हा माणूस लेहमध्ये हॉटेल चालवतो आणि बैठकांमधून पाहुण्यांच्या सुरक्षिततेवर बोलतो.

योक्मापांच्या घरात त्या दिवशी दोन कामं होती. थिनलेसच्या बहिणीच्या, कुन्झेसच्या बाळाला महिना झाला होता, म्हणजे सोयर फिटायचं होतं. आणि नव्या खोलीत पहिला जाळ पेटायचा होता. आधी जाळ, मग थोरला भाऊ लामा लोबझांग मंत्र म्हणून पाणी शिंपडणार, मग बाळ-बाळंतीण त्या खोलीत जाणार, ती जर्दाळूला फुलं येईपर्यंत तिथंच राहणार. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवस-सायास सगळे करून थकल्यावर झालेलं मूल. पाहुणे सकाळपासून सत्तूच्या परड्या आणि लोण्याचे गोळे घेऊन येत होते. आमाचा, घरच्या आईचा, धाकटा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, अझंग तोंडुप, सगळ्यांच्या आधी आला. मानाची जागा मानानं मिळते असं लोक म्हणतात. अझंगांचा अनुभव असा की ती लवकर येऊन धरावी लागते.

खोली उबदार करण्यात कुणी कसर ठेवली नव्हती. खिडक्यांवर दुहेरी प्लास्टिक ठोकलं होतं, फटींत चिंध्या कोंबून वर कणकेची खळ थापली होती. वाऱ्याचं सोडाच, मुंगीलाही आत यायची सोय नव्हती.

अडचण एकच. खोली देवघराच्या बरोबर खाली होती. ही अक्कलही थिनलेसचीच, नकाशा त्यानंच काढला होता. पाइप सरळ वर नेला तर तो देवघरातून जाणार. आमा डोल्करनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "माझ्या देवांच्या नाकासमोरून धूर जायचा नाही." मग थिनलेसनं पाइपाला कसरत शिकवली. बुखारीवरून हातभर वर, तिथं एक कोपर. मग छताखालून सगळी खोली आडवा. खिडकीपाशी दुसरा कोपर, बाहेर पडल्यावर तिसरा, आणि मग भिंतीला धरून थोडासा वर. थोडासाच. कारण पाइपाचं तोंड देवघराच्या खिडकीच्या वर गेलं तर धूर देवांच्या डोक्यावरून जाणार, आणि तेही आमाला चालेना. म्हणून ते तोंड खिडकीखालीच थांबलं, नदीकडं बघत. दुपारी आमच्याकडं वारा नदीवरूनच वर येतो, हे शेळीच्या करडालाही ठाऊक असतं. सांधेही त्यानं उलटे बसवले. वरचा पाइप खालच्याच्या आत जायला हवा, म्हणजे काजळीचं पाणी आतल्या आत उतरतं. पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाहेरून बसवला की फिनिशिंग चांगलं येतं.

मग्पा मुतुप शिडी धरून उभा होता. मग्पा म्हणजे घरजावई. थोरला मुलगा मठात गेला, धाकटा लेहला गेला, म्हणून मुलीसाठी हा आणला. शेतं तो नांगरतो, याक तो शोधून आणतो, छपराचं बर्फ तो लोटतो, आणि घरात बोलायचं सोडून बाकी सगळं त्याच्याकडं आहे. त्याच्या बापाच्या घरी पाइप सरळ छतातून जात असे. पण मग्पानं नव्या घरी येताना बापाच्या घरचे पाइप सोबत आणायचे नसतात.

"कसं दिसतंय, मग्पा?" थिनलेसनं शिडीवरून विचारलं.

"छान, आचो-ले."

"वाकडं नाही ना कुठं?"

मुतुपनं आडव्या पाइपाकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. "वाकडं आहे. पण छान वाकडं आहे."

थिनलेसला क्षणभर शंका आली. मग त्यानं मुतुपच्या तोंडाकडं बघितलं आणि ती गेली. या माणसाला टोमणा मारता आला असता, तर एवढी वर्षं त्यानं शिडी धरली असती का?

कुन्झेस उंबऱ्याबाहेर उभी होती, बाळ छातीशी धरून. सोयर फिटेपर्यंत तिला जाळ पेटायच्या खोलीत पाय ठेवायचा नव्हता. पण डोळ्यांना सोयर नसतं.

"आचो," ती भावाला म्हणाली, "खाली दगड नाही?"

"दगड! अगं, हा गालिचा बघ. हातविणीचा आहे."

"म्हणूनच विचारलं. आणि खांबाला ती चिकटून का बसलीय?"

"तू बाळाकडं बघ. हे मशिनरीचं काम आहे."

"आणि तो पाइप धूर बाहेर नेईल, की फिरवून घरी आणेल?"

आतून अझंग हसले. "बाळंतिणीला असं होतं. रक्त कमी झालं की शंका वाढतात. लोणी जास्त घाला चहात."

आमा डोल्कर तिथंच होती, पण ती मुलीच्या बाजूनं बोलली नाही. ती त्या आडव्या पाइपाकडं बघतसुद्धा नव्हती. तिच्या हातात शुक्पाची, देवापुढं धूप म्हणून जाळायची, वाळकी डहाळी होती. ती तिनं पेटवली, घरातल्या थोर स्त्रीनं पेटवावी तशी, आणि बुखारीच्या काचेच्या दारातून आत टाकली.

*

पहिला जाळ फार सुंदर दिसला. काचेमागं विलोची काटकी तडतडली, पाहुण्यांनी "ओह!" म्हटलं, थिनलेसनं फोटो काढला. मग शेणी पेटल्या, आणि धूर पाइपात गेला. पहिल्या कोपरापाशी थांबला, विचार केला, आडवा थोडा चालला, आणि शेवटी बाहेर नदीवरून येणारा वारा भेटल्यावर आल्या वाटेनं परत फिरला. दाराच्या फटींतून, सांध्यांतून, थिनलेसच्या फिनिशिंगमधून तो निवांत खोलीत उतरू लागला.

आता आमच्या लोकांबद्दल एक सांगायला हवं. यजमानाच्या घरी काही बिघडलं तर आम्ही बघत नाही. थुक्प्यात मीठ नसेल तर आम्ही दुसरा वाडगा मागतो. त्यामुळं खोलीतली सगळी माणसं डोळे पुसत बुखारीची स्तुती करू लागली.

"ऊब आहे हं," एक म्हातारी खोकत म्हणाली.

"नव्या भांड्याचा वास असतोच," दुसरा म्हणाला.

"वा थिनलेस!" अझंग म्हणाले, आणि पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. खोकला थांबल्यावर ते पुन्हा म्हणाले, "वा!"

सगळ्यांचे डोळे असे वाहू लागल्यावर अझंगांना आपली गोष्ट आठवली. ती त्यांना प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात आठवते, पण इतके तयार श्रोते त्यांना यापूर्वी मिळाले नव्हते.

"तुम्हाला आमच्या भावजींचं, या पोरांच्या अबांचं, मांजर ठाऊक आहे ना?" त्यांनी सुरुवात केली. "इशे-ले गेले त्या रात्री ते त्यांच्या पायाशी होतं. सकाळी बघतो तर काय, धनी गेलेले, आणि पायाशी मांजरही गेलेलं! दुःखानं! आपला धनी गेला, आता जगून काय करायचं, असं म्हणून त्यानं प्राण सोडले. मुकं जनावर. तीन दिवस आधीपासून त्यानं अन्न टाकलं होतं."

मागच्या खेपेला ते दोन दिवस होते. लामा लोबझांगनं खाली बघितलं. ही गोष्ट मठात प्रवचनाला त्यानंच पहिल्यांदा सांगितली होती. मांजरानं माणसाला निष्ठा शिकवली, असं त्या प्रवचनाचं सार होतं. शेजारच्या गावातली माणसंसुद्धा ऐकायला आली होती, लोण्याचे गोळे ठेवून गेली होती. चांगलं प्रवचन होतं. अजून मागणी होती त्याला.

"अझंग-ले," उंबऱ्याबाहेरून कुन्झेस म्हणाली, "त्या मांजरानं आदल्या संध्याकाळी माझी सगळी छुर्पी चोरून खाल्ली होती."

"कुठली छुर्पी?"

"ताकाच्या चोथ्याची, वाळत घातलेली. परातभर. मी त्याला झाडू मारला तेव्हा ते पोट धरून पळत होतं. तीन दिवसांचं उपाशी नव्हतं."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकण्यात लपवलं.

"जनावरांना पुढचं कळतं," लामा शांतपणे म्हणाला.

"कळतं ना, लामा-ले. तुमच्याआधी कळतं." कुन्झेसचा आवाज चढला नाही, पण बाळ दचकून चुळबुळलं. "पण सकाळी अबांना हात मीच लावला होता. त्यांचे गाल लाल होते, छांग प्यायल्यासारखे. पत्र्याची बुखारी विझली होती, खिडक्या अशाच बंद होत्या, आणि पाइप असाच आडवा खिडकीतून काढला होता. कारण त्या खोलीवरही देवघरच होतं. तेच देवघर, त्याचं पलीकडचं टोक. त्या रात्री त्या खोलीत जे दोघं होते, ते दोघंही मेले. त्यात कोण कुणाच्या दुःखानं मेलं ते मला सांगा."

थिनलेसनं फोटो काढायचा फोन खाली केला.

"मंगल दिवशी हे काय बोलणं?" थिनलेस म्हणाला. "अबांचं हृदय होतं. डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टर आलाच कुठं होता? रस्ता बंद होता. हृदय तू सांगितलंस, फोनवरून, लेहहून."

थिनलेसनं आमाकडं बघितलं, कारण या घरात शेवटचं वाक्य तिचं असतं. आमा बुखारीपाशी उभी होती. धुरातून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"शिंपडणं आटपू दे," ती म्हणाली. "मग पोरीला आत घ्या. धूर जाईल हळूहळू."

कुन्झेसनं आईकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. मुतुप शिडी धरून उभाच होता. शिडीवर कुणीही नव्हतं. तरी तो ती धरून होता.

"तुझंही मूल आहे हे," ती त्याला म्हणाली, "की तेही थिनलेसनं लेहहून आणलं?"

ती वळली. ती आपल्या खोलीत परत गेली असं सगळ्यांना वाटलं. मग डोक्यावर, छतावर, पावलं वाजली.

*

महिन्याची ओली बाळंतीण, सोयर न फिटलेली, देवघरात जाऊन बसली. आमच्या खोऱ्यात असं कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि कुणी केलं असलं तरी ते कुणी सांगणार नाही.

लामा लोबझांग जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. वर जावं तर बहिणीला हाताला धरून बाहेर काढावं लागेल, म्हणजे आपल्यालाच विटाळ. न जावं तर पाहुण्यांदेखत देवघर बाटलेलं. एवढ्या वर्षांच्या अभ्यासात या प्रसंगाचं उत्तर कुठं आलं होतं ते त्याला आठवेना.

"ओन्पोला बोलवायला हवं," तो म्हणाला. "पंचांग बघून तो शुद्धीचा दिवस काढेल."

"कधीचा?" अझंगांनी विचारलं.

"लोसरनंतरचा, नवं वर्ष लागल्यावरचा निघेल. त्याआधी त्याला सवड नसते."

"म्हणजे तोवर ती वरच बसणार?"

"खेचून आणा खाली," थिनलेस म्हणाला. "मग्पा, जा. बायको तुझी आहे."

सगळं आयुष्य ज्या माणसाला कुठल्याच गोष्टीत 'तुझं' म्हटलं नव्हतं, त्याला बायको बरोबर अडचणीच्या वेळी दिली. मुतुप हलला नाही.

शेवटी आमा डोल्करच वर गेली. गुडघ्यावर हात ठेवत, प्रत्येक पायरीला थांबत.

कुन्झेस दिव्यांसमोर मांडी घालून बसली होती, बाळाला पाजत. आमा दारातच थांबली.

"खाली चल. सोयर फिटलं नाही तुझं."

"माहीत आहे."

"देव कोपतील."

"कोपू देत, आमा. कोपताना निदान दिसतील तरी. तो बुखारीतला काळ तर दिसतही नाही, झोपेत येतो आणि घेऊन जातो."

"मोठ्यांसमोर असं बोलतात?"

"मग कुणासमोर बोलू? तुझ्या देवांच्या घरातून पाइप जायचा नाही ना? मग देवांच्या घरात मीच राहते. इथं हवा चांगली आहे. निदान कालपर्यंत होती."

आमानं तेव्हा बघितलं. देवघराच्या फळ्यांच्या फटींतून, अगदी बारीक, दोऱ्यासारखा, धूर वर येत होता. खालून. दिव्यांच्या ज्योतींभोवती पिवळं कडं धरलं होतं. पितळी देवांच्या पायाशी तो धूर साचला होता आणि हळूहळू त्यांच्या गुडघ्यांवर चढत होता. पाइपातून सरळ वर निघून गेला असता तो धूर, आणि आता देव तो बिनपाइपाचा खात होते. एवढा सोवळेपणा केला, आणि देवांना मिळालं काय? सगळ्या घराचा उष्टा धूर.

बाळ शिंकलं. महिन्याच्या बाळाची शिंक ती केवढी. पण आमा मटकन खाली बसली.

"ते हृदयानं गेले," ती म्हणाली. तिनं हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते आता आपोआप आलं.

"बरं," कुन्झेस म्हणाली. "आणि मांजर?"

मांजराची गोष्ट आमानंच काढली होती. त्या सकाळी सगळे नवऱ्याकडं बघत होते, आणि तिला मात्र पायाशी पडलेलं ते मांजर दिसत होतं. पोट फुगलेलं, पाय ताठ. माणूस म्हातारा होता, कशानंही गेला असता. पण मांजर तरुण होतं. ते तिथं पडलंय म्हणजे काय, ते तिला तेव्हाच कळलं होतं. त्या खोलीतला पाइप खिडकीतून काढ, असं तिनंच सांगितलं होतं. दारात माणसं जमली, कुणीतरी विचारलं, "हे मांजर कशानं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "धन्याच्या दुःखानं." सगळे गहिवरले. मग ती गोष्ट मोठी होत गेली, लामानं ती मठात नेली, अझंगांनी लग्नांत नेली, आणि ती आपली त्या गोष्टीला धरून जगली. आज तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की मुलीकडं बघवेना.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, आमा."

"थिनलेसला?"

"म्हणून तर हृदय त्यानं काढलं."

"लोबझांगला?"

"प्रवचनात त्यानं बुखारीचं नाव एकदा तरी घेतलंय?"

"मुतुपला?"

"मुतुपलासुद्धा."

हे आमाला सगळ्यांत लागलं. मुतुपलासुद्धा कळतं अशी गोष्ट आपण एवढी वर्षं लपवत बसलो! ती खांबाला धरून उठली, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यावरून ओरडली,

"मुतुप! पहार आण!"

पहार लगेच आली. इतकी लगेच, की ती कुठून शोधून आणली असं म्हणताच येईना. ती दाराआडच उभी होती. सकाळपासून.

*

"थांबा, थांबा," थिनलेस मध्ये आला. "छताला कुठंही भोक पाडून चालत नाही. तुळई कुठून गेलीय, लोड कुठं येतो, मला नकाशा बघू द्या."

मुतुपनं बुखारी खांबापासून दूर ओढली, थेट खोलीच्या मोकळ्या भागात. गालिचा गुंडाळून त्यानं थिनलेसच्या हातात दिला. अंगणातला, लोकर बडवायचा, सपाट दगड दोघा पाहुण्यांनी आत आणला. मग मुतुपनं वर बघितलं, दोन तुळयांच्या मधली जागा बोटानं दाखवली, आणि शिडी त्याखाली लावली.

"मग्पा, मी काय म्हणतो—"

"आचो-ले," मुतुप म्हणाला, "तुम्ही जरा शिडी धरा."

थिनलेसच्या एका काखेत गालिचा होता. दुसऱ्या हातानं त्यानं शिडी धरली. फोटो काढायला हात उरला नाही, ही त्या दिवसातली सगळ्यांत चांगली गोष्ट.

वर देवघरात वेगळंच चाललं होतं. आमा म्हणत होती, "देव उचल. त्या कोपऱ्यात मांड." आणि लामा म्हणत होता, "मुहूर्ताशिवाय देव हलवणं म्हणजे, आमा-ले, ओन्पोला निदान विचारून तरी—"

"ओन्पोच्या घरी पाइप कुठून जातो रे?"

लामानं माळेचे दोन मणी पुढं सरकवले.

"बोल की. तू तिथं जेवायला जातोस."

"देवघरातून," लामा म्हणाला.

"आडवा?"

"सरळ."

"उचल," आमा म्हणाली.

लामानं देव उचलले. एकेक, खतकाच्या पांढऱ्या उपरण्यात गुंडाळून, कोपऱ्यातल्या चौरंगावर. मंत्र म्हणत होता, पण घाईनं, कारण पायाखालची फळी आता पहारीनं थरथरत होती.

काम तसं सोपं होतं, एकदा सरळ करायचं ठरल्यावर. छतात विलोच्या काटक्या आणि वाळलं गवत भरलेलं असतं, पाइप त्याला टेकला तर अख्खं घरच बुखारी होतं. म्हणून तेलाचे मोठे डबे तळ कापून भोकांत बसवले, पाइप त्यांच्या मधोमध घेतला, आणि मधली जागा ओल्या चिकणमातीनं ठासली. सांधे उलटून सुलटे केले. गच्चीवर चाऱ्याचे भारे नेमके तिथंच रचलेले होते. अझंगांनी वर येऊन सांगितलं, "भारे काठावर दिसले पाहिजेत, रस्त्यावरून घराची पत दिसते." मुतुपनं भारे उचलून पलीकडच्या टोकाला टाकले. अझंगांची परवानगी घ्यायची राहिली, हे त्याच्या नंतर लक्षात आलं असेल किंवा नसेल. पाइप कठड्याच्या वर, माणसाच्या छातीपर्यंत काढला, वर पत्र्याची टोपी घातली.

खाली, खिडकीत, जुन्या आडव्या पाइपाचं भोक उरलं होतं. थंड वारा त्यातून आत येत होता.

दुसऱ्यांदा जाळ आमानंच पेटवला. शेणींनी एकदा काळा श्वास टाकला, आणि मग धूर वर गेला. पाइपात घुमल्यासारखा आवाज झाला, ज्योती आत ओढल्या गेल्या, आणि खोलीतली हवा स्वच्छ राहिली. मघाशी धुराची स्तुती करणाऱ्यांना आता काय बोलावं ते सुचेना. खरंच चांगलं काही झालं की आमच्याकडं कुणी दाद देत नाही.

"हे मी आधीच म्हणत होतो," थिनलेस एका पाहुण्याला सांगत होता. "सरळच न्यायचा होता. पण म्हाताऱ्या माणसांपुढं काय बोलणार?" लामा दुसऱ्याला सांगत होता, की शास्त्रात चुलीच्या देवाला वाट करून देणं हे पुण्यच मानलंय. पुढच्या प्रवचनाची तयारी सुरू झाली होती.

लामानं पाणी शिंपडलं. कुन्झेस बाळाला घेऊन उंबऱ्यापाशी आली. तेवढ्यात खालच्या वाडीचा एक पाहुणा उशिरानं आला. छांगचा पेला हातात मिळताच अझंगांना त्याच्या रूपानं एक कोरा श्रोता दिसला.

"इशे-लेंच्या घरी आलाय, आणि त्यांच्या मांजराची गोष्ट ऐकली नाहीत? अहो, ज्या रात्री ते गेले, त्याच रात्री ते मुकं जनावर, धन्याच्या दुःखानं—"

"तोंडुप," आमा म्हणाली.

"हो आचे," ते बहिणीला म्हणाले, "सांगतोच आहे. धन्याच्या दुःखानं चार दिवस—"

"मांजर धुरानं मेलं."

अझंगांचा पेला ओठांपाशी थांबला.

"तेही आणि धनीसुद्धा," आमा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पाइप मी खिडकीतून काढायला लावला होता. देवांना धूर लागू नये म्हणून."

कुणी खोकलं नाही. खोकायला धूर नव्हता, आणि डोळे पुसायलाही निमित्त उरलं नव्हतं. थिनलेस गालिच्याचे धागे बघू लागला. लामाच्या हातातली माळ थांबली. कुन्झेस उंबरा ओलांडून आत आली, सरळ आईपाशी गेली, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आमानं त्याच्या पायांवरून पांघरूण ओढलं, मग पुन्हा ओढलं, जणू ते सुटलंच होतं.

विषय बदलायला हवा होता, आणि विषय बदलण्यात अझंग वाकबगार. ते लगबगीनं उठले, कोपऱ्यातली एक चिंधी उचलली आणि खिडकीतल्या त्या भोकाकडं निघाले.

"वारा येतोय इकडून. बाळाला लागेल."

"येऊ दे," आमा म्हणाली.